रामछाप अर्धा आणा आणि एचएमटी तांदूळ

पवनीला 1969-70 मध्ये उत्खनन झालं आणि मातीतून स्तूप निघाले. तेव्हापासून आमच्या चौरास भागात ज्याला त्याला वाटतं, आपल्याही घरात काहीतरी दडलेलं आहे. आसगावच्या घरी आजीची लाकडी पेटी उपसताना मलाही तसंच वाटलं.

तळाशी चिल्लर होती. काळपट राणीछाप पैसे आणि भोकाचे पैसे. दुसऱ्या महायुद्धात तांबं कमी पडलं, म्हणून 1943 ते 1947 या काळात सरकारने पैशाला मधोमध भोकच पाडलं. सरकारने तांबं वाचवलं, लोकांनी वॉशरचा खर्च वाचवला. मीही तेच केलं. ते पैसे गोठ्याच्या टिनावर, खिळ्यांखाली ठोकून मोकळा झालो.

कारण माझं सगळं लक्ष एका वेगळ्याच नाण्यावर होतं. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण, हनुमान. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, 1818! मोबाइलवर शोधलं तर किंमत कोटीत. फोनवरचा माणूस म्हणाला, "असली असेल तर तांदूळ ओढते. आधी नोंदणीचे दोन हजार पाठवा." पाठवले.

रात्री कडी लावून ताटात एचएमटी तांदूळ पसरला आणि नाणं दोऱ्याने वर धरलं. काही हलेना. जरा खाली नेलं, आणि दोन दाणे चक्क चिकटले! मी हर्षवायू होऊन बायकोला उठवलं. तिने नाणं हातात घेतलं, पदराने पुसलं. "देव्हाऱ्यातलं तूप हाय हे. आणि उद्या भाताले हाच तांदूळ लागन, नीट भरून ठेवा."

तरी मी भंडाऱ्याला गेलोच. पितळेच्या गावात कासाराने नाणं तळहातावर एकदाच उडवलं. "पितळ होय भाऊ. देवळापुढं मिळते."

मग पुस्तक उघडलं. 1818 मध्ये आमच्याकडे नागपूरकर भोसल्यांची गादी होती, ती 1854 पर्यंत टिकली. कंपनीने मुलूखभर एकसारखी नाणी पाडण्याचा कायदा केला 1835 मध्ये, आणि त्या तांब्याच्या पाव आण्यावर होते कंपनीचे सिंह आणि लॅटिन मजकूर. राम, हनुमान कंपनीने कधीच छापले नाहीत. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, हे इथे सांगायला नको होतं.

दोन हजार अर्थातच गेले. जुनी नाणी विकत घेण्यासाठी आपण शुल्क घेत नाही, कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच दिला आहे. तो वाचून मगच फोन उचला. आणि कुणाला भोकाचे पैसे हवेच असतील तर आसगावला जरूर या, पण दिवाळीनंतर. आत्ता खिळे उपटले तर गोठा गळेल.