तोट्याचा स्वल्पविराम

सेलमध्ये साठवलेली संख्या आणि सेलमध्ये दिसणारी संख्या या दोन वेगळ्या असामी आहेत. पहिली हिशेबाला लागते, दुसरी आढावा बैठकीला. दोघींमध्ये जो मध्यस्थ असतो त्याला एक्सेल ‘कस्टम फॉरमॅट’ म्हणते. टॅब्लो आणि पॉवर बीआय थोड्याफार फरकाने तीच बोली बोलतात. हा मध्यस्थ म्हणजे शून्य, हॅश, स्वल्पविराम आणि अर्धविराम यांची एक ओळ. ती मूळ संख्येला हात लावत नाही, चारचौघांत नेण्याजोगे कपडे तेवढे घालते. ४९.६ या संख्येला ‘०’ हा साचा दिला की पडद्यावर ५० येतात आणि आत ४९.६ जसेच्या तसे राहतात. निम्मे उद्दिष्ट गाठल्याची घोषणा यापेक्षा कमी खर्चात कोणत्याही खात्याला करता आलेली नाही.

साच्यातले ‘०’ ही सक्तीची जागा. तिथे अंक नसला तरी शून्य उभे राहते, म्हणून ‘००००’ या साच्यात ७ ही संख्या ०००७ अशी भारदस्त होते. ‘#’ ही ऐच्छिक जागा. अंक असेल तर दिसतो, नसेल तर कोणी विचारत नाही. ‘#.##’ या साच्यात अर्धा ‘.५’ असा दिसतो आणि शून्य आले तर नुसता दशांशबिंदू उरतो. साच्यात एकटा ‘#’ असेल तर शून्य दिसतच नाही. बुजवलेल्या खड्ड्यांच्या मासिक अहवालात याचे मोल फार. रकान्यात शून्य दिसले तर काम झालेले नाही, रकाना रिकामा दिसला तर माहिती अद्याप अप्राप्त आहे. प्रशासनात या दोहोंतले अंतर एका बदलीइतके असते. रकाना अरुंद असला की पडद्यावर हॅशची जी रांग लागते, ती मात्र साच्यातली नव्हे. जागा नाही म्हणून संख्येचे शेपूट कापून दाखवण्यापेक्षा काहीच न दाखवणे एक्सेलला बरे वाटते. या सगळ्या व्यवहारातला तो बहुधा एकमेव निर्मळ क्षण, आणि तक्रारी सर्वाधिक त्याच्याच येतात.

अर्धविरामाने साच्याचे चार भाग पडतात: धन संख्या, ऋण संख्या, शून्य आणि मजकूर, याच क्रमाने. एकच भाग लिहिला तर ऋण संख्येपुढे उणेचिन्ह आपोआप लागते. दुसरा भाग लिहिला की ती जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते, आणि जबाबदारी आली की काय होते हे सांगायला नको. ‘०;०’ या साच्यात उणे आठ निमूटपणे आठ होतात. इशारा नाही, लाल रेघ नाही. सभ्य लोक दुसऱ्या भागात कंस घालतात, कारण कंसातला तोटा उणे चिन्हाच्या तोट्यापेक्षा खानदानी दिसतो. टॅब्लोच्या डॅशबोर्डवर वर-खाली त्रिकोणांची फॅशन आहे. तिथे घसरण हीसुद्धा एक रेखीव आकृती असते.

खरी गंमत स्वल्पविरामाची. दोन अंकखुणांच्या मध्ये तो टाकला तर संख्या गटांत विभागली जाते, आणि सॉफ्टवेअर जिथे जन्मले तिथे गट तीन-तीन अंकांचेच असतात. १९६० च्या सुमारास आलेल्या कोबोल भाषेत ही अडचण नव्हती. तिच्या ‘पिक्चर’ या कलमात स्वल्पविराम हवा तिथे टाकता येई, त्यामुळे लाख-कोटी लिहायला कोणाची परवानगी लागत नसे. पुढे प्रगती झाली. जावाचा ‘डेसिमलफॉरमॅट’ आजही दोन-दोन अंकांचे गट असलेला साचा तक्रार न करता स्वीकारतो, पण वाचतो फक्त शेवटचा गट आणि तोच सगळीकडे लावतो. अर्ज घ्यायचा, पोच द्यायची आणि करायचे ते आपल्याच मनाने, ही पद्धत परदेशातही रुजलेली पाहून बरे वाटते. युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहात मराठीसाठी ‘#,##,##०.###’ असा साचा रीतसर नोंदलेला आहे. तो पाळायचा की नाही हे ज्या त्या सॉफ्टवेअरच्या मर्जीवर.

एक्सेलमध्ये यावर दोन उपाय आहेत. पहिला विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगचा. तिथे भारत निवडला की साधा ‘#,##०’ साचासुद्धा १२,३४,५६७ दाखवू लागतो. पण हे सेटिंग संगणकाचे, फाइलचे नव्हे. त्यामुळे तीच फाइल सल्लागाराच्या लॅपटॉपवर १,२३४,५६७ अशी उघडते आणि बैठकीची पहिली दहा मिनिटे ‘साहेब, हे किती लाख?’ यात जातात. दुसरा उपाय अटींचा: संख्या कोटीच्या वर असेल तर हा साचा, लाखाच्या वर असेल तर तो, उरलेल्यांना तिसरा. कार्यालयाकार्यालयांत ही ओळ वारसाहक्काने चालत आली आहे. कोणी लिहिली हे कोणालाच ठाऊक नसते आणि तिला हात लावायची छातीही कोणाला होत नाही. अडचण एवढीच की एक्सेल दोनच अटी ऐकून घेते, आणि त्या दोन्ही नफ्यात खर्ची पडतात. ऋण संख्या उरलेल्यांच्या रांगेत ढकलली जाते आणि तिथे तीन-तीनचा साचा असतो. परिणामी १२,३४,५६७ रुपयांचा नफा स्वदेशी पद्धतीने दिसतो आणि तेवढाच तोटा −१,२३४,५६७ असा परदेशी होतो. तोट्याला बाहेरच्या शक्ती जबाबदार असल्याचा याहून थेट तांत्रिक पुरावा मिळणे कठीण.

स्वल्पविराम अंकखुणांच्या शेवटी आला तर त्याचा अर्थच बदलतो: तो संख्येला हजाराने भागतो. दोन आले तर दहा लाखाने, तीन आले तर अब्जाने. कोटीने भागणारा स्वल्पविराम कोणी बनवलेलाच नाही. टक्क्याचे चिन्ह उलट वागते, ते शंभराने गुणते. ज्यांच्या तक्त्यात ४५ हीच टक्केवारी म्हणून टंकलेली असते, त्यांची साक्षरता साच्यात ‘%’ टाकताच ४५००% होते. या दोन खोडींच्या संगमातून भारतीय कोटी जन्माला आला आहे. ‘०.००,,,%’ असा साचा लिहायचा: अब्जाने भागायचे, शंभराने गुणायचे, हिशेब बरोबर कोटीचा. राहते ते टक्क्याचे चिन्ह. त्याच्या आधी कंट्रोल आणि जे दाबून ओळ तोडायची, मजकूर गुंडाळायचा पर्याय चालू करायचा आणि ओळीची उंची एकाच ओळीपुरती ठेवायची. चिन्ह जात नाही, खालच्या न दिसणाऱ्या ओळीत नजरकैदेत राहते. पुढे एखादा नवखा कारकून ओळीची उंची वाढवतो आणि जिल्ह्याचा विकासनिधी अचानक टक्क्यांत येतो.

वेबवरच्या आलेखांसाठी वापरली जाणारी डी-थ्री ही लायब्ररी साच्याची भाषा पायथनकडून उचलते आणि वर ‘एस’ या अक्षराची एक सोय देते. तिने संख्येला भौतिकशास्त्रातले उपसर्ग लागतात: हजाराला किलो, दहा लाखाला मेगा, अब्जाला गिगा. दीड अब्जाचे अंदाजपत्रक त्यामुळे ‘१.५ जी’ होते आणि मोबाइलच्या जाहिरातीसारखे दिसते. अर्धा ही संख्या ‘५०० एम’ होते. तो धाकटा एम, म्हणजे मिली, पण घाईत वाचणाऱ्याला तो मिलियनच वाटतो. अर्ध्या किलोमीटर रस्त्याचा एवढा गौरव अन्यत्र झालेला नाही.

साचा दिलाच नाही तर ‘जनरल’ हा मूळ साचा राज्य करतो, आणि त्याला अंदाज बांधायची हौस आहे. अकरापेक्षा जास्त अंक दिसले की तो त्यांना वैज्ञानिक लिपीत बसवतो, म्हणून बारा अंकी आधार क्रमांक २.३४५६८ई+११ असा दिसतो. तो लाभार्थ्यांच्या अख्ख्या यादीचा सामायिक क्रमांक म्हणूनही चालेल. ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ ही मानवी जनुकांची नावे त्याने तारखा समजून बदलली. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने त्या जनुकांचेच नामांतर केले. एक्सेलला समजावण्यापेक्षा मानवजातीला समजावणे सोपे गेले असावे.

अवतरणचिन्हांत साच्याला हवा तो मजकूर देता येतो. नुसता "उद्दिष्ट साध्य" एवढाच साचा दिला तर कोणत्याही संख्येच्या जागी तेच शब्द दिसतात. उणे संख्येला मात्र एक्सेल सवयीने उणेचिन्ह लावते आणि ‘-उद्दिष्ट साध्य’ असे छापते, म्हणून जाणकार अर्धविराम देऊन तेच शब्द पुन्हा लिहितात. याहून मितभाषी लोकांसाठी ‘;;;’ हा साचा आहे. त्यात चारही भाग रिकामे असल्याने काहीच दिसत नाही, आणि बेरीज तरीही बरोबर येते.

इथवरच्या साऱ्या साच्यांत एक उणीव राहते: खरा आकडा आत शिल्लक असतो आणि सेलवर क्लिक करणाऱ्या कोणालाही वरच्या पट्टीत सापडतो. ती भरून काढणारा पर्याय एक्सेलच्या प्रगत सेटिंगमध्ये, बराच खाली आहे: अचूकता जशी दिसते तशीच ठेवा. तो निवडला की साठवलेली संख्या दिसणाऱ्या संख्येप्रमाणे बदलते, ४९.६ चे आतूनही ५० होतात. त्याआधी माहितीची अचूकता कायमची जाईल अशी सूचना येते. तिच्याखाली ‘ओके’चे बटण असते.