१९१८पासून अकरावीत

अमेरिकेत पाहुणचाराला गेलेली मराठी माणसं नायगारा बघतात, लास व्हेगासला जाऊन वीस डॉलर हरतात आणि परत येऊन शेजाऱ्यांना चारशे फोटो दाखवतात. आम्हाला भाचीने फोर्क्सला नेलं. वॉशिंग्टन राज्याच्या पार पश्चिमेला, ऑलिम्पिक द्वीपकल्पाच्या जंगलातलं हे तीन-साडेतीन हजार वस्तीचं गाव. मुख्य रस्ता एक, पिढीजात धंदा लाकूडतोडीचा. "तिथे आहे काय?" असं मी विचारलं, तर भाची म्हणाली, "मामा, तिथे एडवर्ड राहतो."

भाचीने तिशी ओलांडली आहे आणि लग्नाचा विषय निघाला की तिला नेमकी मीटिंग असते. त्यामुळे एडवर्ड हे नाव ऐकताच तिची मामी, म्हणजे आमची सौभाग्यवती, खुर्चीत सावरून बसली. हा एडवर्ड स्टेफनी मायरच्या 'ट्वायलाइट' या कादंबरीमालिकेतला नायक आहे आणि तो व्हँपायर आहे, हा खुलासा होईपर्यंत मामीने बॅगेतली पैठणी मनातल्या मनात बाहेर काढली होती.

मालिकेची चार पुस्तकं २००५ ते २००८ या काळात आली. भाचीने ती पुण्यात दहावीच्या भूमितीच्या पुस्तकात लपवून वाचली. भूमितीत तिला किती मार्क पडले हा विषय आमच्या बहिणीकडे अजून काढायचा नसतो. आता ती सिअ‍ॅटलमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहे, पण 'ट्वायलाइट' म्हटलं की आवाज अर्ध्या पट्टीने चढतो.

सिअ‍ॅटलहून बेनब्रिज बेटाची फेरी घेतली. गाडी बोटीच्या पोटात आणि आम्ही डेकवर. तिथे मामीने स्थळाची रीतसर चौकशी सुरू केली.

"वय काय मुलाचं?"

"सतरा."

"अगो, लहानच की!"

"म्हणजे सतराच, पण १९१८पासून. शिकागोत स्पॅनिश फ्लूने मरायला टेकला होता, तेव्हा डॉक्टर कलननी त्याला व्हँपायर केलं. जन्म १९०१चा."

"म्हणजे शंभरी उलटलेली. बरं, शिक्षण?"

"नायिका बेला भेटते तेव्हा अकरावीत असतो."

मामी गप्प झाली. समोर सिअ‍ॅटलच्या इमारती लहान होत चालल्या होत्या, सीगल ओरडत होते. मग तिने शांतपणे विचारलं, "१९१८पासून?"

भाचीने परोपरीने समजावलं. तो दर गावी नव्याने शाळेत जातो, पदव्याही घेऊन झाल्यात, पियानो वाजवतो, चंदेरी व्होल्वो आहे, दत्तक वडील फोर्क्सच्या इस्पितळात डॉक्टर आहेत. वडील डॉक्टर म्हटल्यावर स्थळ थोडं सुधारलं. मग कळलं की हा गृहस्थ रात्री खिडकीतून बेलाच्या खोलीत शिरतो आणि ती झोपलेली बघत बसतो. बेलाचे वडील गावचे पोलीसप्रमुख. मामीच्या मते या कादंबरीत खरी काळजी करण्यासारखी गोष्ट व्हँपायर नसून ते पोलीस खातं आहे.

"पण मामी, ते शाकाहारी आहेत!" भाचीने हुकमाचा एक्का टाकला. आमचं घर कांदा-लसूण खाणारं पण अंडं न शिवणारं, तेव्हा मामीचा चेहरा उजळला. दोन मिनिटांनी उलगडा झाला, की कलन कुटुंब माणसांचं रक्त पीत नाही, फक्त जनावरांचं पितं, आणि यालाच ते गमतीने शाकाहार म्हणतात. एडवर्डला विशेष आवड पहाडी सिंहाची. स्थळ तिथेच बाद झालं.

फेरीतून उतरून पश्चिमेला निघालो. वाटेत सिक्विम नावाचं गाव लागलं, लॅव्हेंडरच्या शेतीसाठी प्रसिद्ध आणि बऱ्यापैकी कोरडं. वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथून गाडीने दोन तासांच्या आत असलेल्या फोर्क्सला तीन हजार मिलिमीटर. पॅसिफिकवरून येणारे ढग ऑलिम्पिक पर्वताला थटतात, पश्चिमेकडे सगळं ओतून मोकळे होतात आणि पलीकडच्यांच्या वाट्याला कोरडं आकाश येतं. सह्याद्रीने महाबळेश्वर आणि माण-खटावची जी वाटणी केली आहे, तीच ही. मी हे रंगवून सांगत होतो, पण मामीने फक्त तीन हजार हा आकडा पकडला. ती आंबोलीची. आंबोलीत सात हजारांच्या घरात पडतो.

हा पाऊसच तर सगळ्याच्या मुळाशी. मायरबाई राहणाऱ्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात. २ जून २००३च्या रात्री त्यांना स्वप्न पडलं, कुरणात एक मुलगी आणि एक व्हँपायर बोलत बसलेत. त्यांचे व्हँपायर उन्हात जळत नाहीत, हिऱ्यासारखे चमकतात. म्हणून माणसांत राहायचं तर गाव कायम ढगाळ हवं. बाईंनी इंटरनेटवर अमेरिकेतलं भरपूर पावसाचं ठिकाण शोधलं, फोर्क्स सापडलं, आणि गावात पाऊल न टाकता त्यांनी कादंबरी लिहून काढली.

पोर्ट अँजेलिसला जेवलो. पुस्तकात बेला इथेच एडवर्डसमोर मशरूम रॅव्हिओली खाते. मामीने तीच मागवली. या मालिकेतली तिला पटलेली एकमेव गोष्ट.

आणि फोर्क्समध्ये शिरलो तर लख्ख ऊन! ऑगस्ट महिना, निळंभोर आकाश, ढगाचा ठिपका नाही. पंधरा वर्षं मनात जपलेलं धुकट, ओलं गाव असं उघडंवाघडं समोर आलेलं बघून भाचीचा चेहरा उतरला. माहिती केंद्राबाहेर बेलाच्या गाडीसारखे लाल शेवरोले पिकअप उभे आहेत, तेही चकाकत होते. मला वाईट वाटलं. पण चाहत्यांचं मन फार चिवट असतं. मिनिटभरात ती म्हणाली, "बरोबरच आहे. ऊन पडलं की कलन लोक शाळेत येतच नाहीत. म्हणून आज कुणी दिसत नाही." हे तिने थट्टेत म्हटलं की मनापासून, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग सुरू झाली प्रदक्षिणा. हायस्कूलच्या फलकापुढे फोटो. इस्पितळाच्या पार्किंगमध्ये 'डॉक्टर कलन यांच्यासाठी राखीव' अशी पाटी, तिथे फोटो. चित्रपटातल्या कपड्यांचा संग्रह, तिथे फोटोच फोटो. मी खोडसाळपणे आठवण करून दिली, की चित्रपटातलं गाव हे नव्हेच. पहिल्याचं चित्रीकरण मुख्यतः ऑरेगनमध्ये झालं आणि शाळेची इमारत कलामा गावातली. "माहितेय," ती म्हणाली, "तिथे ऑक्टोबरात जाणार आहे."

माहिती केंद्राशेजारी लाकूडतोडीचं संग्रहालय आहे. तिथे मात्र मी रेंगाळलो. हे गाव स्वतःला जगाची लाकूडतोड राजधानी म्हणवून घेत असे. १९९०मध्ये ठिपकेवाल्या घुबडाला कायद्याचं संरक्षण मिळालं, सरकारी जंगलांतली तोड जवळजवळ थांबली, गिरण्या मिटल्या, आणि अमेरिकेच्या या कोपऱ्यात घुबडाचं नाव काढणंसुद्धा अपशकुन ठरलं. पंधरा वर्षांनी अ‍ॅरिझोनातल्या बाईंच्या स्वप्नातून व्हँपायर आला. २०१०च्या सुमारास वर्षाला सत्तर हजारांवर माणसं इथे येऊ लागली. आमच्याकडे गावाला तारायला देव स्वप्नात येऊन मूर्ती कुठे आहे ते सांगतो. इथे स्वप्न पडलं एकीला आणि भलं झालं तिने न पाहिलेल्या गावाचं. हात जोडायचे तर कुणाला, हा प्रश्नच आहे.

संध्याकाळी समुद्रावर ला पुशला गेलो. वाटेत 'इथून पुढे व्हँपायरांना मनाई' अशी पाटी. पलीकडे क्विलियुट या मूळ रहिवाशांची वस्ती. कादंबरीतला जेकब इथला, त्याचा लांडगा होतो. किनाऱ्यावर पुरुषभर जाडीचे वाहून आलेले ओंडके, समोर झाडांची टोपी घातलेलं बेट. आणि तिथे, एकदाचा, शिडकावा सुरू झाला. भाची दोन्ही हात पसरून उभी राहिली. मामीने तळहात पुढे केला, चार थेंब मोजले आणि माहेरच्या बोलीत निकाल दिला, "ह्येका पावस म्हणतत?"

भाचीची 'ट्वायलाइट'भक्ती आंधळी नाही, हे मला इथे कळलं. लांडग्यांपासून माणसं घडली, ही क्विलियुटांची स्वतःची उत्पत्तिकथा. बाईंनी तिच्यावरून पात्रं रचली, टोळीच्या नावाचा माल जगभर खपला, पण टोळीला वाटा मिळाला नाही, हे सगळं तिनेच सांगितलं, तेही जेकबच्या चित्राचा शर्ट घालून. वस्ती त्सुनामीच्या तोंडावर आहे. म्हणून २०१२च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानातली सुमारे ७८५ एकर जमीन टोळीला मिळाली आणि किनाऱ्यालगतची शाळा २०२२मध्ये वर टेकडीवर गेली.

जाणार असाल तर बेलाच्या वाढदिवसाच्या, म्हणजे १३ सप्टेंबरच्या आसपास जा. तेव्हा गावात उत्सव असतो. ऑगस्ट टाळा, ऊन असतं. ला पुशला लोकांच्या घरांचे आणि स्मशानाचे फोटो काढू नका, जेकब कुठे राहतो हे तर विचारूच नका. मुक्कामाला टोळीच्याच मालकीचं रिसॉर्ट आहे. पैसे तिथे खर्च करा.