पुढंवाले नाना

तुमच्याकडंही एक नाना असणारच. गाडीत भूक सगळ्यांत आधी त्यांना लागते आणि हॉटेल सगळ्यांत शेवटी पसंत पडतं. आमचे नाना सांगलीचे, सासुरवाडी साताऱ्याची. त्यामुळं मधला रस्ता आपल्याला तोंडपाठ आहे, असं तेच सांगतात.

परवा संध्याकाळी साताऱ्याहून निघालो. राजवाड्यासमोर चौपाटीवर तवे तापलेले, भाजीवर लोण्याचा गोळा नुकताच पडलेला. म्हटलं, "नाना, दोन प्लेट सांगू?"

"इथं? निघतानाच पोट जड करतोस? पुढं एक झकास आहे."

मोती चौकात कंदी पेढे घेतले, पण ते व्याह्यांसाठी. पुडा दोरीनं असा करकचून बांधवला, की वाटेत कुणाची नियत फिरायला नको.

उंब्रजला नाना म्हणाले, "दारात एक ट्रक नाही. ट्रकवाले थांबत नाहीत तिथं जेवू नये." कराडला म्हणाले, "नुसते ट्रकच ट्रक! बायकामाणसांनी बसायचं कुठं?" प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात; माझी आणि वड्याची भेट मात्र नानांनी होऊ दिली नाही. पेठ नाक्यावर वळलो तसं "आता काय, सांगली आलीच." आष्ट्यात शटरं खाली येत होती. नाना खूश. "बघ, मी म्हणत नव्हतो? इथं काही मिळत नाही."

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगवलं, तेव्हापासून हे नाटकाचं गाव. तिथला माणूस साधा नकार कसा देईल? नाना आधी खुर्चीवर बसतात, पाणी पितात, मेन्यू कार्ड शेवटपर्यंत वाचतात, सुस्कारा सोडतात आणि मग उठतात.

मुलीनं त्यांना इटलीला नेलं, तिथंही हेच. फ्लॉरेन्सला हॉटेलांच्या दारातच दरपत्रक लावलेलं असतं, म्हणजे खुर्चीत न बसताही नापसंती दाखवायची सोय. त्यात टेबलावर बसल्याचे माणशी वेगळे पैसे लावतात, हे कळल्यावर तर नानांना तत्त्वच सापडलं. दरपत्रकं वाचत वाचत काकूंना घेऊन ते आर्नो नदीवरच्या जुन्या पुलापर्यंत आले. पुलावर दोन्ही बाजूंनी सराफांची दुकानं. "आमचा आयर्विन पूल १९२९चा. पण त्यावर सोनं मांडून माणसाची वाट अडवत नाहीत," असं म्हणून नाना पुढं निघाले. शेवटी काकूंनी पर्समधली भडंगाची पुडी काढली, तेव्हा कुठं त्या दिवशीचं जेवण झालं.

तर त्या रात्री नानांचं 'पुढं' सांगलीच्या गावभागात, एका बोळात संपलं. खाणावळीला कुलूप होतं, तेही गंजलेलं. २०१९च्या पुरात पाणी माळ्यापर्यंत चढलं आणि चालवणाऱ्या मावशी लेकीकडं पुण्याला गेल्या. हे नानांना ठाऊक होतं. विलिंग्डनला शिकताना दोन वर्षं ते इथं जेवले होते. महिन्याचे पैसे थकले तरी मावशींनी ताट कधी थांबवलं नाही. बंद दारासमोर उभं राहून त्यांनी मला कृष्णाकाठच्या वांग्यांची भाजी, वर शेंगदाण्याची चटणी आणि तिसरी भाकरी नको म्हटल्यावर मावशी कशा ओरडायच्या, हे सगळं वाढलं. मग हायवेवरचे सगळे ढाबे कशात नापास होत होते, ते ध्यानात आलं. एवढे मार्क कुठला ढाबा आणणार?

शेवटी स्टँडजवळच्या गाडीवर अंडाभुर्जी खाल्ली. नानांनी पाव कालचा असल्याचं सांगितलं आणि चार खाल्ले.

हल्ली पोरांबरोबर हिंडतो. ती मोबाईलवर तारे मोजून हॉटेल ठरवतात, वेळेवर जेवू घालतात. काय जेवलो ते घरी येईपर्यंत आठवत नाही. म्हणून पुढच्या महिन्यात सांगलीला जायचंय, तर नानांनाच विचारलंय. निघण्याआधी घरून पोटभर जेवून घेईन, ही गोष्ट वेगळी.