आप्पांची करंगळी

धुळ्यात लायसनवाला माणूस ओळखायला त्याच्या कमरेकडे बघावं लागत नाही. तो बसतो कसा, तेवढं बघावं. पाच कंदीलला चहाच्या टपरीवर बाकीची मंडळी बाकड्यावर रेलतात. आप्पा मात्र उजवी कुशी मोकळी सोडून, दुखऱ्या दाढेला जपावं तसे तिरके टेकतात. मे महिन्यात अंगाची लाही होत असते, तरी शर्टावर खिसेवालं जाकीट. विचारलंच तर म्हणतात, “उन्हाचा त्रास होतो.”

आप्पा हा एक माणूस नव्हे. एक देवपुरात राहतो, दुसरा साक्री रोडला, तिसऱ्याचं मुंबई-आग्रा महामार्गावर हॉटेल आहे. एकाची जिनिंग, एक निवृत्त ठेकेदार. पण ‘बत्तीस बोअर’ हे दोन शब्द उच्चारताना सगळ्यांचा आवाज सारखाच खाली येतो, म्हणून त्यांना एकच धरायला हरकत नाही.

बत्तीसच का, याचं उत्तर कायद्यात आहे. अडतीस बोअर आणि नऊ एमएम सामान्य नागरिकाला निषिद्ध. त्यामुळे कलेक्टर ऑफिसात अर्ज, पोलिसांची चौकशी, डॉक्टरचा दाखला असे उंबरठे झिजवून झाले, की माणूस कानपूरला बनणाऱ्या बत्तीस बोअर रिव्हॉल्वरवर येऊन थांबतो. सहा गोळ्यांचं, तळहाताहून थोडं मोठं, लाखाच्या पुढचं. गोळ्या पुण्याजवळच्या खडकीच्या. याचं आप्पांना वाईट वाटतं. वरणगावची फॅक्टरी आपल्या जळगाव जिल्ह्यात, पण तिथली काडतुसं लष्कराला जातात. “पिकतं आपल्याकडं आणि खायचं पुण्याचं,” असं ते केळीच्या भावाबद्दल बोलावं त्या सुरात म्हणतात.

अर्जात कारण लिहिलं होतं ‘स्वसंरक्षण’. कुणापासून, हे चौकशीला आलेल्या जमादाराने विचारलं, तेव्हा आप्पांना एकदम बांधावरचे सगळे भाऊबंद आठवले. पण त्यातला निम्मा गोतावळा त्याच वेळी ओट्यावर बसून चहा पीत होता.

रिव्हॉल्वर घरी आलं आणि पहिल्याच रात्री एक शोध लागला. करंगळीला जागा नाही.

छोट्या रिव्हॉल्वरची ही जगभरची खोड आहे. कपड्यात लपावं म्हणून मूठ आखूड ठेवतात. त्यावर दोन बोटं बसतात, फार तर तिसरं. उरते ती करंगळी. गोकुळात जिच्यावर गोवर्धन पेलला गेला, ती आप्पांची करंगळी कानपूरच्या मालाखाली अधांतरी लोंबत होती. हे शल्य त्यांना जेवताना, झोपताना, बाजार समितीच्या मीटिंगमध्येही सलू लागलं.

मग रविवारचा कार्यक्रम ठरला. जेवण झालं की दार लावायचं, गोळ्या काढून डब्यात मोजून ठेवायच्या, चक्र उघडून सहाही घरं उजेडात बघायची आणि मुठीचा स्क्रू सोडायचा. इथे आप्पा कमालीचे शिस्तीचे. भाचा एकदा म्हणाला, “मामा, नळी थोडी कापून घेऊ, खिशात मावेल.” आप्पांनी त्याला 1959च्या शस्त्र कायद्याचं सहावं कलम ऐकवलं: विनापरवाना नळी आखूड करणं हा गुन्हा. नळी, घोडा, चक्र यांना हात लावायचा नाही. त्यांचं सारं संशोधन मुठीपुरतं.

पहिली मूठ शिसवीची. बनवणारा सुतार गल्लीतलाच, धुळ्याच्या त्या नंबरवाल्या गल्ल्यांपैकी एकीत पाट-पोळपाट करणारा. मापासाठी आप्पांनी त्याच्यासमोर रिकामा पंजा हवेत धरला. रिव्हॉल्वर कपाटात, सुतारापुढे फक्त मुठीच्या दोन जुन्या पट्ट्या आणि ओल्या कणकेत उठवलेला बोटांचा ठसा. सुतार म्हणाला, “आप्पा, पॉलिश मारू का लाख लावू?” आप्पा म्हणाले, दोन्ही. परिणामी मूठ देव्हाऱ्याच्या खांबासारखी झळकली आणि घामट हातातून साबणासारखी सटकू लागली. काकूंनी एकदाच बघितलं आणि अहिराणीत विचारलं, “हाई बंदूक शे का लाटणं?”

दुसरी मूठ रबरी. अमेरिकेत पॅकमायर, होग अशा कंपन्यांनी नुसत्या रबरी मुठी विकून नाव कमावलं, हे आप्पांना पाठ आहे. कानपूरच्या मापाची मूठ त्यांच्याकडून मिळेना, म्हणून आप्पांनी क्रिकेटच्या बॅटीची ग्रिप आणली. हिरवी. पकड नामी बसली, करंगळीलाही टेकू मिळाला. पण रबराला कापड चिकटतं. लग्नात आहेर द्यायला आप्पा वाकले, उठताना शर्ट मुठीला अडकून वर गेला आणि नवरदेवाच्या आजीने “आप्पांनी बॅट का आणली?” असं खणखणीत आवाजात विचारलं.

गुळगुळीत लाकूड लपतं पण सटकतं. रबर धरवतं पण अडकतं. लांब मुठीत करंगळी मावते, पण शर्टाखाली फुगवटा दिसतो. जाणकार नेमबाज या तिढ्यात कुठेतरी तडजोड करतात. आप्पांना फुगवटा दिसायलाही हवा होता आणि तो लपवल्याचं श्रेयही.

खरं तर बत्तीसच्या गोळीचा धक्का सौम्य. पण वजन जितकं कमी तितका झटका जास्त, हा नियम आप्पांनी ऐकला आहे. 2014 साली कानपूरने बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ काढलं: अवघं अर्धा किलो वजन, किंमत 1 लाख 22 हजारांच्या घरात, आणि पेटी दागिन्यांची असते तशी मरून रंगाची. आप्पांनी ते काकूंना सुचवून पाहिलं. काकूंनी पेटी चालेल म्हणून सांगितलं, आत पाटल्या असल्या तर.

एवढ्या मुठी झाल्या, आवाज मात्र एकदाही झाला नाही. हळदीला पोरं “आप्पा, एक होऊ द्या!” म्हणून गलका करतात, तेव्हा आप्पा शस्त्र कायद्यातली 2019ची दुरुस्ती काढतात: आनंदाच्या भरात, लोकांच्या जिवाची पर्वा न करता गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पोरं हिरमुसून डीजेकडे वळतात. आप्पांचा चेहरा मात्र सुटल्यासारखा होतो.

त्यांची खरी परीक्षा 16 मार्च 2024ला आली. लोकसभेची आचारसंहिता लागली आणि परवानाधारकांना शस्त्रं जमा करण्याच्या नोटिसा निघू लागल्या. आप्पांनी नवी सागवानी मूठ बसवली, तेलाचं बोट फिरवलं आणि वाट बघत बसले. समोरच्या पुढाऱ्याला नोटीस आली. आप्पांना आली नाही.

चौथ्या दिवशी ते स्वतःच ठाण्यात गेले. हवालदाराने यादीवरून बोट फिरवलं आणि समजावलं, की सरसकट कुणाची घेत नाहीत. जामिनावर सुटलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले, अशांची छाननी समिती बघते. “तुमच्यापासून धोका नाही, आप्पा.”

इतका अपमान त्यांचा बांधावरच्या भाऊबंदांनीही कधी केला नव्हता.

धुळ्यात मतदान 20 मे रोजी झालं. आप्पा शाई लावून घरी आले, दार लावलं, गोळ्या मोजल्या आणि स्क्रू सोडला. सागवानी मूठ करंगळीला अजून सूतभर आखूड पडते.