दहा मरल्यांचं घर

चंडीगड, सेक्टर 22
मार्गशीर्ष

तीर्थरूप अप्पांस,


परवा फोनवर आईने "अगंबाई, कोण मरला?" म्हणून जो हंबरडा फोडला, त्याचा खुलासा करायला हे पत्र. इथे कोणीही मरलेलं नाही. मी "दहा मरला, सात कोटी" म्हणाले ते एका घराबद्दल. इथे जागा मरल्यात मोजतात. 20 मरल्यांचा एक कनाल. चंडीगडच्या हिशेबात कनाल म्हणजे 500 चौरस यार्ड, तुमच्या तलाठी भाषेत चार गुंठे आणि वर तुळशीवृंदावनापुरती जागा. त्यातही गंमत आहे. पंजाबातल्या खेड्यात मरला सव्वादोनशेहून मोठा, 272 चौरस फुटांचा भरतो. इथे तोच 225 चौरस फुटांचा. शहरात आला की मरलासुद्धा आकसतो.

काकू अजून गावभर "पोरगी फॉरेनला असते" असं सांगत असेल तर सांगू दे. आम्हालाही हल्ली तसंच वाटतं. भाषा वेगळी, थंडी वेगळी, आणि घरांचे भाव तर आपल्या देशातले वाटतच नाहीत.

पाच वर्षं भाड्याने काढली. आता ह्यांची इथून बदली होईल असं दिसत नाही, मुलं "आई, मैंने नी जाना" म्हणू लागली, तेव्हा ठरवलं की स्वतःचं घर घ्यायचं. तुम्ही विचाराल, एवढं महाग का? तर ल कॉर्बुझिए साहेबांनी हे शहर आखलं ते पाच लाख माणसांसाठी. 2011 च्या जनगणनेतच आम्ही साडेदहा लाख झालो होतो. आणि उंच इमारती बांधून माणसं एकावर एक रचायची सोय नाही. पूर्वी लोक युक्ती करायचे. तिघांनी मिळून एक कोठी घ्यायची (बंगल्याला इथे कोठी म्हणतात, आपल्याकडे कोठी म्हणजे धान्याची, पण किंमत बघता यांचंच बरोबर असावं), कागदावर एकेक तृतीयांश हिस्सा आणि प्रत्यक्षात एकेक मजला. 10 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने 1 ते 30 सेक्टरांत कोठ्यांचे असे फ्लॅट करायला बंदी घातली. निकाल देणाऱ्या पीठावर न्यायमूर्ती भूषण गवई, म्हणजे आपले अमरावतीचे! शहराचा वारसा वाचला हे चांगलंच झालं, निकाल योग्यच. पण सातारच्या लेकीची वाट अमरावतीकराने अडवावी, याचं जरा वाटतंच.

तर ती सात कोटींची कोठी. आपली ऐपत नाही हे ठाऊक असून आम्ही गेलो, कारण डीलर म्हणाला, "देखने के पैसे नहीं लगते." इथे दलाल म्हणायचं नाही, डीलर म्हणायचं. दार एका वयस्कर सरदारजींनी उघडलं. मुलगा कॅनडात, सून कॅनडात, घरात ते आणि त्यांच्या बीजी. खोल्या पुढे बघूच, आधी चहा झाला. मग पिन्नी (इथला लाडू) आली. मग "तुस्सी कित्थों दे?" ह्यांचं आजोळ नांदेड म्हटल्यावर सरदारजी उठून उभेच राहिले. "हजूर साहिब!" त्यांनी हात जोडले. नंतर घुमानच्या नामदेवांवर बोलणं झालं, 2015 साली तिथे भरलेल्या आपल्या साहित्य संमेलनावर झालं. मी मनात म्हटलं, आता कोटभर तरी उतरणार. भक्तीला काही मोल असतंच.

शेवटी ह्यांनी घसा खाकरून विचारलं, "बाऊजी, काही कमीजास्त?"

सरदारजी प्रेमाने हसले. "पुत्तर, वेचणी किहने है? असीं तां रेट पता करदे सी."

अप्पा, इथे वेचणं म्हणजे विकणं. आपण प्राजक्ताची फुलं वेचतो, हे कोठ्या वेचतात. आणि यांना तर तीही वेचायची नव्हती. दर दिवाळीला डीलर बोलवायचा, गिऱ्हाइकाच्या तोंडून आकडा ऐकायचा, रात्री तो कॅनडात मुलाला फोनवर सांगायचा, की झालं. या शहरातली अर्धी घरं विकायला काढलेली नसतात, भाव ऐकायला काढलेली असतात, असं माझं मत झालंय. अशा माणसाला कमी आकडा सांगणं म्हणजे त्याच्या नातवाला काळा म्हणण्यासारखं. निघताना बीजींनी पिन्नीचा डबा बांधून दिला. भावात मात्र पिन्नीएवढीही सूट नाही.

मग आम्ही पायरी ओळखून हाउसिंग बोर्डाच्या फ्लॅटकडे वळलो. दक्षिणेकडच्या सेक्टरात तळमजला, तीन खोल्या, मागणी 1 कोटी 65 लाख. मला घर आवडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कडुनिंब दिसतो आणि ओट्याजवळ पाटा मावेल एवढी जागा आहे. पण चौथी खोली बघून माझ्यातली तलाठ्याची लेक जागी झाली. मंजूर नकाशात तीनच खोल्या! चौथी मालकांनी मागच्या मोकळ्या जागेत स्वतः चढवलेली, वर पत्रा, आत ग्रॅनाइट. बोर्ड गरजेपुरते काही बदल चालवून घेतं, पण ही खोली त्यात बसत नव्हती. विचारलं तर मालक म्हणाले, "सगळ्यांनीच बांधलंय." हे खरं होतं. आजूबाजूला सगळ्यांनीच बांधलं होतं. पण पाडायची नोटीस आली तर ती सगळ्यांच्या नावे एक येणार नाही, ज्याच्या त्याच्या नावे येईल. ज्या खोलीला कागद नाही, तिचे पंचवीस लाख आम्ही का मोजायचे?

शिवाय घर लीजहोल्ड, म्हणजे 99 वर्षांच्या पट्ट्याचं. आणि निम्मे पैसे "दुसरे" हवेत. आपल्याकडे रेडीरेकनर, इथे कलेक्टर रेट. खरेदीखत तेवढ्याचंच करायचं आणि बाकीचे पिशवीतून. मी बँकेत नोकरी करणारी, कर्ज काढून घर घेणारी, पिशवी कुठून आणू? मी त्यांना म्हटलं, जागेच्या व्यवहारात वीस हजार रोख घेतले तरी आयकरवाले तेवढाच दंड करतात, आणि तो घेणाऱ्याला. मालक माझ्याकडे असे बघू लागले जसं काही मीच आयकरवाली.

बँकेच्या मूल्यमापकाने पत्र्याची खोली वगळून 1 कोटी 40 लाख धरले. कर्ज त्यावरच मिळणार. वरचं सगळं आपल्या खिशातून. म्हणजे आकडा ठरला होता. तो सांगायचा कोणी, हा प्रश्न होता. हे भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून पाऊण तास हुज्जत घालतील, पण कोटींत बोलायचं म्हटलं की छताकडे बघतात. तेव्हा मला तुमचा पुसेगावचा बैलबाजार आठवला. दलालाने उपरण्याखाली तुमचा हात धरलाय, आत बोटं दाबली जातायत, आणि तुम्ही आभाळाकडे बघताय, जणू पाऊस येतो का तेच बघायला आलात. मी लहान होते, मला वाटायचं दोघांना हाताला काहीतरी झालंय.

इथे उपरण्याची जागा मोबाइलने घेतलीय. डीलरने कॅल्क्युलेटर उघडून फोन माझ्यापुढे सरकवला. मी 13200000 टाइप केलं आणि फोन पालथा घातला. त्याने उचलून बघितला, सुस्कारा सोडला, मालकांकडे नेला. मालकांनी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "बहनजी, शून्य तां पूरे ने?"

मी म्हटलं, शून्यं बरोबर आहेत, खोल्या मोजा.

आतल्या खोलीत त्यांच्या मंडळींशी बोलणं झालं. बाहेर येऊन "सोच के दसांगे" म्हणाले. या गोष्टीला आज अकरा दिवस झाले. डीलर म्हणतो, आपण आधी फोन करायचा नाही, केला तर पाच लाख वाढले समजा. हे म्हणतात, घर हातचं जाईल. मी रोज संध्याकाळी फिरायला म्हणून त्या गल्लीतून जाते आणि पत्र्याची खोली अजून उभी आहे का ते बघते. आमची शेवटची मर्यादा 1 कोटी 40, त्यापुढे एक रुपयाही नाही, असं मी देवापुढे बोलले आहे. देवाला सांगितलं की ह्यांना मोडता येत नाही.

आता तुमच्याकडे काम असं. त्यांनी हो म्हटलं तर लगेच बयाना द्यावा लागेल. बयाना म्हणजे तुमचा इसार. इथली रीत अशी की आपण फिरलो तर बयाना बुडाला, ते फिरले तर दुप्पट परत. हे सगळं शब्दाने ठरतं, पण मला कागद हवा, आणि त्यात पत्र्याच्या खोलीबद्दल एक ओळ हवी. तुमच्या लोखंडी ट्रंकेत इसारपावत्यांचे जुने मसुदे असतील. त्यातल्या एकाचा फोटो दादाकरवी लवकर पाठवा. जमिनीचा पाठवा, मागच्या वेळी दादाने बैलाचा पाठवला होता.

तुमची धाकटी