हात लावू नका, चालू आहे

ज्या कार्यालयातल्या लिनक्स सर्व्हरांनी चार वर्षांत एकदाही रीस्टार्ट पाहिलेला नाही, त्या कार्यालयाचा जाहीर सत्कार व्हायला हवा. नवे कर्नल उतरवून ठेवलेले आहे; ते लागू व्हायला रीस्टार्ट लागतो आणि रीस्टार्टला साहेबांची सही. या सर्व्हरांवरच्या सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला म्हणे. म्हणजे आता अपडेट येण्याची कटकटही मिटली!

सुरक्षेची चिंता वाहणाऱ्यांनी इतिहास वाचावा. ‘डर्टी काऊ’ नावाची फट कर्नलमध्ये २००७ पासून होती, बुजवली २०१६ मध्ये. जी फट नऊ वर्षे थांबली, ती आमच्या पुढच्या तिमाही बैठकीपर्यंत थांबणार नाही का?

अ‍ॅन्सिबलसारखी साधने सगळ्या सर्व्हरांना ठरावीक तुकड्यांत अद्ययावत करू शकतात, आणि एखादी तुकडी पूर्ण बिघडली की तिथेच थांबतात. यंत्रांवर इतका अविश्वास बरा नव्हे. त्यापेक्षा शुक्रवारची संध्याकाळ, एक शिकाऊ मुलगा आणि पडद्यावर चाळीस काळ्या खिडक्या. कोणती खिडकी कोणत्या सर्व्हरची, हे त्याला सोमवारी कळते. (बाकीच्यांना शनिवारीच.)

देखरेख तर आदर्शच. पूर्वी डिस्क ऐंशी टक्के भरली की इशाऱ्यांचे मेल यायचे, रोज ढिगाने. ते परस्पर वेगळ्या फोल्डरात धाडण्याची सोय झाली. फेब्रुवारीपासून तर एकही इशारा नाही. वार्षिक अहवालात ‘शून्य बिघाड’ अशी नोंद झाली, पेढे वाटले गेले. देखरेख करणाऱ्या सर्व्हरची डिस्क फेब्रुवारीतच काठोकाठ भरली होती. ते कळवण्याचे काम त्याच्याचकडे होते.