न्यू जर्सीचा पम्पकिनसीड आणि मुलुंडचा गार

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

आईंचा परवाचा निरोप पोचला. पहिल्या मजल्यावरच्या काकांचा लांब तोंडाचा मासा टाकीत मावेनासा झालाय, येत्या रविवारी तो पवई तलावात सोडायचं ठरलंय आणि बाबा रिक्षात बादली धरून बसणार आहेत, असं कळलं. ते ऐकल्यापासून तुमच्या चिरंजीवांचं जेवणात लक्ष नाही. फोनवर सांगायला गेलं की बाबा "बरं, बरं" म्हणून विषय पावसावर नेतात. पत्र मात्र आई मोठ्याने वाचतात आणि ते संपेपर्यंत कुणाला उठू देत नाहीत, म्हणून हे पत्र.

आधी इकडची हकीकत. हॉलमध्ये सोफ्याच्या जागी आता काचेची टाकी आहे. ७५ गॅलनची, म्हणजे जवळजवळ २८४ लिटरची. पाण्याचंच वजन पावणेतीनशे किलोच्या वर, त्यात काच, वाळू, दगड वेगळे. मुलुंडच्या सोसायटीत एवढी टाकी आणली असती तर कमिटीने स्ट्रक्चरल ऑडिट मागितलं असतं. इथलं घर तळमजल्यावर असल्यामुळे निभावलं.

मासे पाळायचं वेड तुमच्या चिरंजीवांना लहानपणापासूनचं, हे तुम्हाला सांगायला नको. महापालिका डासांसाठी पाण्यात सोडते ते गप्पी हॉर्लिक्सच्या बाटलीतून घरी आले होते. मे महिन्यात चर्नी रोडला उतरून तारापोरवाला मत्स्यालय व्हायचं, परतीला क्रॉफर्ड मार्केट. १९५१ साली उघडलेल्या त्या मत्स्यालयातली कासवं नातीला दाखवायची राहिली, याची हळहळ घरात अजून होते. पण इथे आल्यावर त्यांनी ठरवलं की दुकानातले ब्राझीलचे, थायलंडचे रंगीत मासे नकोत. ज्या देशात राहतो तिथल्याच नदीतला, तोही गळाला लागल्यावर झुंज देणारा मासा पाळायचा. इथे अशांना गेम फिश म्हणतात. लोक त्यांच्यासाठी पहाटे उठतात, होड्या घेतात आणि बऱ्याचदा मासा पकडून, फोटो काढून परत पाण्यात सोडतात. फोटो काढून सोडून देण्याचा भाग बाबांना अजून पटलेला नाही, हे ठाऊक आहे.

हा छंद एकट्या चिरंजीवांचा नाही. अमेरिकेतल्या देशी माशांच्या शौकिनांची एक संघटना १९७२ पासून आहे. नॉर्थ अमेरिकन नेटिव्ह फिशेस असोसिएशन तिचं नाव. ही मंडळी दुकानातल्या निऑन टेट्रापेक्षा गावच्या ओढ्यातल्या माशावर जास्त जीव लावतात.

पहिली पसंती होती लार्जमाउथ बासला. इथल्या गळवाल्यांचं ते दैवत. जॉर्जिया राज्यात १९३२ साली जॉर्ज पेरी नावाच्या शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या वरचा बास पकडला. त्याची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं, तीही जपानच्या बिवा सरोवरात. पेरीच्या घरी तो विक्रमी मासा रांधून खाल्ला गेला. एवढ्या सगळ्या माहितीत बाबांनी दाद दिली ती फक्त या एका गोष्टीला. बासची अडचण त्याच्या तोंडात आहे. स्वतःच्या निम्म्या लांबीचा मासा तो सहज गिळतो. बोटाएवढं पिल्लू बघता बघता हातभर होतं, टाकीतले सोबती एकेक करून नाहीसे होतात आणि शेवटी टाकीत तो एकटाच मालक उरतो. त्याला दहा-पंधरा वर्षं आयुष्य असतं. बेत रद्द झाला.

मग कायद्याचं प्रकरण. इथे प्रत्येक राज्याचा नियम निराळा. दुकानातून गोल्डफिश आणायला कुणी विचारत नाही, पण नदीतून गळाने पकडलेला गेम फिश जिवंत घरी न्यायला अनेक राज्यांत मनाई आहे किंवा परवाना लागतो. परवानाधारक मत्स्यशेतीतून पावती घेऊन आणला तर वाट पुष्कळ सोपी होते. चिरंजीवांनी सगळं लेखी विचारलं. पासपोर्टच्या नूतनीकरणाला केला नसेल एवढा पत्रव्यवहार केला.

दुसरी पसंती ब्लूगिल. तळहाताएवढा, देखणा, निळसर गालांचा. पिल्लांची ऑर्डर द्यायच्या आधी नातीने शाळेच्या प्रकल्पासाठी नकाशा काढला आणि जाहीर केलं, "बाबा, ब्लूगिल न्यू जर्सीचा नाहीच!" खरंच नाही. तो मूळचा मिसिसिपीच्या खोऱ्यातला, पंचमहासरोवरांकडचा आणि दक्षिणेतला. इथल्या तळ्यांत माणसांनी आणून सोडलेला. म्हणजे इथे ब्लूगिलही आमच्यासारखाच, बाहेरून येऊन स्थायिक झालेला.

या ब्लूगिलची एक कथा आईंना आवडेल. १९६० साली जपानचे युवराज अकिहितो अमेरिकेला आले होते. शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. युवराज स्वतः माशांचे अभ्यासक. खाण्यासाठी पैदास होईल म्हणून त्यांनी मासे सरकारी संशोधन केंद्राला दिले. तिथून ते जपानभर पसरले आणि स्थानिक माशांच्या मुळावर उठले. २००७ साली, सम्राट असताना, त्यांनी त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. राजघराण्यातल्या माणसाने आणलेला आहेर हा असा निघाला. मग पहिल्या मजल्यावरच्या काकांची काय कथा?

शेवटी आला तो पम्पकिनसीड. हा न्यू जर्सीचा अस्सल भूमिपुत्र. आकार भोपळ्याच्या बीसारखा, पोट नारिंगी, गालावर निळ्या नागमोडी रेघा आणि कल्ल्यामागच्या काळ्या झालरीला लाल टिकली. नथ घातलेल्या नवरीसारखा दिसतो, पण स्वभाव कमिटीच्या सेक्रेटरीचा. गोगलगायी घशातल्या दातांनी कडाकड फोडून खातो. हीटर लागत नाही, कारण इथल्या बर्फाखालच्या तळ्यात त्याचे पूर्वज हिवाळे काढत आले. वसंत आला की नर शेपटीने वाळू उडवून गोल खड्डा करतो, त्यात मादीला बोलावतो, अंडी घातली की तिला हाकलतो आणि राखण स्वतः करतो. त्या दिवसांत टाकी साफ करायला हात घातला तर बोटाला चावतो. चिरंजीवांनी हौसेने लावलेल्या पाणवनस्पती तो मुळासकट उपटून कोपऱ्यात नेऊन ठेवतो. फ्रिजमध्ये आइस्क्रीमशेजारी गोठलेली कोळंबी आहे, ती त्याची. घरातल्यांसाठी आणलेली वेगळ्या डब्यात असते. श्रावणात घरात एकट्यानेच मासळी खाल्ली ती त्याने.

व्हिडिओ कॉलवर बाबांनी त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "खायचा कधी?" नात तेव्हापासून फोन टाकीकडे वळवत नाही. आईंचं मत वेगळं. गोड्या पाण्यातला मासा तो, त्याला चिखलाचा वास, सुरमई-पापलेटच्या पंगतीत तो कसा बसणार! कोकणातल्या माणसाचा हा जुना अभिमान आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

याच पम्पकिनसीडला एकोणिसाव्या शतकात युरोपने शोभेचा मासा म्हणून नेलं. तिथल्या टाक्या-तळ्यांतून तो नद्यांत गेला आणि २०१९ पासून युरोपीय संघाच्या उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहे. इथला गुणी मुलगा, तिथला गावगुंड.

आता काकांच्या माशाकडे. फोटोवरून तरी तो ॲलिगेटर गार आहे, म्हणजे हाही अमेरिकेचाच गेम फिश. टेक्सास, लुईझियाना, मिसिसिपीचं खालचं खोरं हे त्याचं माहेर. मुंबईत पेन्सिलीएवढा असताना विकला जातो, आणि तो पुढे केवढा होईल हे विचारायचं गिऱ्हाइकाला सुचत नाही. २०११ साली मिसिसिपी राज्यात एका मच्छीमाराच्या जाळ्यात ३२७ पौंडांचा गार सापडला, साधारण १४८ किलोंचा, लांबी आठ फुटांच्या वर. पन्नास वर्षं जगणारा जीव आहे हा. काकांनी तो नातवाच्या नावे मृत्युपत्रात लिहायला हवा होता.

आणि बाबा, तुम्ही नुसते सोडायला जात नसाल, जाता जाता वाटा पाडायचा विचार मनात असेल, तर एवढं लक्षात ठेवा: त्याची गाभोळी विषारी असते. तुमचा गाभोळीवरचा जीव ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

काका म्हणतील, पवईत मगरी आहेत, त्या बघून घेतील. मगरी आहेत खऱ्या. पण गार हवेतूनही श्वास घेतो, गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यात तगतो आणि निमखाऱ्या पाण्यातही चालतो. १८९१ साली बांधलेला पवई तलाव पावसाळ्यात भरून वाहतो तो मिठी नदीत. त्याच तलावाकाठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनची मंडळी वर्षानुवर्षं रोहू-कटल्यासाठी गळ टाकून बसतात. त्यांच्या गळाला काकांचा मासा लागला तर गळ जाईलच, काठीही जाईल. २०२३ साली श्रीनगरच्या दल सरोवरात वनस्पती काढताना गार सापडला तेव्हा तिथल्या लोकांचीही झोप उडाली होती. एकट्या माशाची वीण होत नाही, हे काकांचं म्हणणं बरोबर आहे. पण टाकी लहान पडलेले काका मुंबईत एकटेच नाहीत.

उलट्या बाजूचा हिशेबही सांगायला हवा. सोलापूरकडे ज्याचं झणझणीत कालवण करतात त्या आपल्या मरळचा भाऊबंद २००० साली फ्लोरिडातल्या टॅमरॅक गावच्या तळ्यांत सापडला. कुणी सोडला ते कळलं नाही. आता तो तिथे कालव्यांत सुखाने नांदतोय आणि गळवाले त्याच्यामागे धावतायत. या कुळातल्या माशांची आयात अमेरिकेने २००२ साली बंद केली. न्यू जर्सीत तर तो जिवंत बाळगायलाच बंदी; गळाला लागला तर परत पाण्यात सोडायचा नाही, मारायचा. व्हिसाच्या रांगेत उभं न राहता आलेल्या सोलापूरकराच्या या भाऊबंदाबद्दल चिरंजीवांना मनातून थोडा अभिमान आहे, पण ते तसं चारचौघांत बोलून दाखवत नाहीत.

फार लांब कशाला, लोणावळ्याचंच घ्या. वळवणला टाटांच्या तलावाकाठी डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात महसीरची कृत्रिम पैदास साधली. काम मोठं होतं. संपत चाललेला दख्खनचा महसीर त्यातून सावरला. पण तिथली पिल्लं कावेरीतही गेली आणि तिथल्या मूळच्या कुबडवाल्या महसीरला जड गेली. १९४६ साली १२० पौंडांचा विक्रम करणारा तो कावेरीचा मासा २०१८ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. सह्याद्रीतला मासा दोन राज्यं ओलांडायच्या आत परका झाला, मग मिसिसिपीचा पवईत कसा शोभेल?

काकांना मासा सोडायचाच असेल तर जिथून आणला त्या दुकानात विचारावं, परत घेतात का. नाहीतर मोठी बंदिस्त टाकी असलेला दुसरा शौकीन गाठावा. आणि बाबांना रविवारी बादली घेऊन कुठे तरी जायचंच असेल, तर बादली घरी ठेवून महाडजवळ वाळणकोंडला जावं, नाहीतर वाड्याजवळ वैतरणेकाठी तिळशाला. देवाचे म्हणून राखलेले महसीर तिथे डोहात आहेत, चुरमुरे टाकले की वर येतात. पकडायचे नाहीत.

तेव्हा रविवारच्या आत काकांना हे पत्र वाचायला द्या. नाही ऐकलं तर निदान रिक्षा तरी मिळू देऊ नका.

आपली,
सूनबाई

ता. क. गोठलेली कोळंबी इथे महाग झाली आहे. येताना सोडे आणा, पण पम्पकिनसीडसाठी नव्हे.